आयर्लंडमध्ये प्रक्रिया-रसायनज्ञाची पहिली नोकरी : कामाचे स्वरूप, प्रवेशाच्या वाटा आणि परवान्याचे गणित

आयर्लंडच्या दक्षिण टोकाला कॉर्क बंदराच्या काठी रिंगास्किडी नावाचे लहानसे गाव आहे. फायझर या अमेरिकी कंपनीने १९६९ साली येथे पाय रोवला. आरंभी सायट्रिक ॲसिड आणि पुढे औषधांची मूळ द्रव्ये येथे तयार होऊ लागली. व्हायग्रा या जगप्रसिद्ध गोळीतील सिल्डेनाफिल याच गावात बनते. गेल्या अर्धशतकात या बंदराभोवती औषध कारखान्यांची रांगच उभी राहिली. २०२४ साली आयर्लंडच्या वैद्यकीय व औषधी मालाची निर्यात जवळजवळ १०० अब्ज युरोंवर गेली. देशाच्या एकूण मालनिर्यातीत तिचा वाटा सुमारे ४५ टक्के होता.

हे आकडे पाहून महाराष्ट्रातील रसायनशास्त्र, औषधनिर्माणशास्त्र आणि रासायनिक अभियांत्रिकीचे अनेक पदवीधर कॉर्क, डब्लिन वा लिमरिकला पदव्युत्तर शिक्षणासाठी येतात. ‘प्रोसेस केमिस्ट’ व्हायचे, हे त्यांतील अनेकांचे ध्येय असते. मात्र या नावाची जागा नवपदवीधराला येथे क्वचितच मिळते. काम आहे, पण ते वेगळ्या नावांनी जाहीर होते आणि त्यापर्यंत पोहोचण्याच्या वाटाही वेगळ्या आहेत. शिवाय परदेशी पदवीधराच्या हाती मुदतही मोजकीच असते. या तिन्ही गोष्टी आधी समजून घेतल्यास पुढचा मनस्ताप बराच टळतो.

प्रक्रिया-रसायनज्ञ नेमके काय करतो?

नव्या औषधाचा रेणू शोधणारा रसायनज्ञ तो काही ग्रॅम तयार करतो. तोच रेणू शेकडो किलो प्रमाणात, प्रत्येक बॅचमध्ये त्याच शुद्धतेने, सुरक्षितपणे, परवडेल अशा खर्चात आणि कमीत कमी सांडपाण्यासह बनवण्याची रीत बसवणे हे प्रक्रिया-रसायनज्ञाचे काम होय. सिल्डेनाफिलचेच उदाहरण घेता येईल. संशोधनाच्या टप्प्यावरील मूळ पद्धतीत एक किलो द्रव्यासाठी हजार लिटरांहून अधिक सेंद्रिय द्रावक लागत असे. अभिक्रियांचा क्रम बदलून आणि द्रावक परत मिळवून तो वापर दहा लिटरांच्या आसपास आणण्यात आला.

प्रमाण वाढले की प्रश्नांचे स्वरूपही बदलते. भांड्याची लांबी-रुंदी-उंची दहापट केली तर आतील द्रव हजारपट होतो, पण उष्णता बाहेर टाकणारे भिंतीचे क्षेत्रफळ केवळ शंभरपट वाढते. प्रयोगशाळेत दोन मिनिटांत ओतलेला अभिकारक कारखान्याच्या रिॲक्टरमध्ये म्हणूनच कित्येक तास थेंबाथेंबाने सोडावा लागतो. उष्णता किती आणि किती वेगाने निर्माण होते, हे कॅलरीमीटरने मोजल्याशिवाय कोणतीही अभिक्रिया मोठ्या भांड्यात नेली जात नाही. १९९३ च्या ऑगस्टमध्ये रिंगास्किडीतील एका रसायन कारखान्यात स्फोट होऊन मोठी आग लागली होती. या भागात सुरक्षिततेचा विषय तेव्हापासून केवळ पुस्तकी राहिलेला नाही.

रीतीतील लहानसा बदलही किती दूरवर परिणाम करतो, हे २०१८ साली वल्सार्टन या रक्तदाबाच्या औषधाने दाखवून दिले. चीनमधील एका उत्पादकाने काही वर्षांपूर्वी प्रक्रियेत सुधारणा केली होती. तीत डायमिथाइलफॉर्मामाइड हे द्रावक वापरले जात होते आणि उरलेले अझाइड नष्ट करण्यासाठी सोडियम नायट्राइट घातले जात होते. द्रावकाच्या विघटनातून निघालेले डायमिथाइलअमाइन आणि नायट्राइट यांच्या संयोगातून एनडीएमए हे कर्करोगकारक मानले जाणारे द्रव्य तयार होत राहिले. नेहमीच्या चाचण्यांत ते दिसत नव्हते, कारण त्याचा शोध घ्यावा असे कोणाला वाटलेच नव्हते. उघडकीस आल्यावर अनेक देशांत ते औषध बाजारातून परत बोलवावे लागले. ‘ही अशुद्धी येथे कशी निर्माण होऊ शकेल?’ हा प्रश्न रसायनज्ञाने कागदावरच स्वतःला विचारणे आता अनिवार्य झाले आहे.

तिसरा विषय स्फटिकांचा. एचआयव्हीवरील रिटोनाव्हिर हे औषध १९९६ साली बाजारात आले. दोन वर्षांनी त्याच रेणूचे दुसरे, कमी विरघळणारे स्फटिकरूप अचानक दिसू लागले आणि कॅप्सूलचे उत्पादन थांबवावे लागले. रेणू तोच असला तरी स्फटिक बदलला की औषध बदलते. स्फटिकीकरण, गाळणे आणि वाळवणे या दिसायला साध्या टप्प्यांवर प्रक्रिया-रसायनज्ञाचा बराच काळ जातो, तो यामुळेच.

हे काम आयर्लंडमध्ये कोठे चालते?

परकीय उद्योग आणण्यासाठी आयर्लंडने १९४९ साली औद्योगिक विकास प्राधिकरण स्थापन केले आणि १९५६ साली निर्यातीच्या नफ्यावर करसवलत दिली. पुढे १९८१ पासून उत्पादन उद्योगांना १० टक्के आणि २००३ पासून सर्वसाधारण १२.५ टक्के असा कंपनीकर ठरला. मोठ्या बहुराष्ट्रीय समूहांसाठी २०२४ पासून किमान १५ टक्के कर लागू झाला आहे. कमी कर, खोल बंदर, मुबलक पाणी आणि इंग्रजी जाणणारा शिक्षित कामगारवर्ग यांमुळे रासायनिक औषधनिर्मिती येथे स्थिरावली.

आज कॉर्क काउंटीत फायझरखेरीज किन्सेलजवळ एली लिली, लिटल आयलंड येथे जॉन्सन अँड जॉन्सन, तर बंदराच्या परिसरात होव्हियोन, स्टर्लिंग आणि थर्मो फिशर यांचे कारखाने आहेत. टिपेररीतील बॅलिडाईन येथे एमएसडी १९७६ पासून आहे. डब्लिनच्या उत्तरेस सोर्ड्स येथे एसके बायोटेक आहे. या यादीतील काही नावे नवी आहेत, कारण मालकी बदलली आहे. होव्हियोनने २००९ साली फायझरचा कारखाना घेतला, एसकेने २०१७ साली ब्रिस्टल-मायर्स स्क्विबचा आणि थर्मो फिशरने २०१९ साली जीएसकेचा. स्वतःचे औषध बनवणाऱ्या कंपन्यांच्या जागी इतरांसाठी कंत्राटी उत्पादन करणाऱ्या कंपन्या आल्या. नवख्या रसायनज्ञाच्या दृष्टीने हा फरक महत्त्वाचा आहे. कंत्राटी कारखान्यात दोन वर्षांत पाच-सहा वेगवेगळे रेणू हाताखालून जाऊ शकतात. मूळ कंपनीत एकाच रेणूची खोलवर ओळख होते आणि कागदपत्रांची शिस्तही अंगी बाणते.

एक वस्तुस्थिती मात्र अर्ज करणाऱ्याने आधीच ध्यानात घ्यावी. संश्लेषणाचा मार्ग ठरवण्याचे काम बहुतेक वेळा कंपनीच्या अमेरिकेतील वा युरोपातील संशोधन केंद्रात होते. आयर्लंडमधील कारखान्याकडे येतो तो तयार मार्ग. तो आपल्या रिॲक्टरांत बसवणे, तपासणे, सिद्ध करणे आणि पुढे वर्षानुवर्षे सुधारत राहणे हे येथील काम. याला तंत्रज्ञान-हस्तांतरण असे नाव असले, तरी त्यातही अस्सल रसायनशास्त्र असते. काही ठिकाणी तर नवी वाटच पाडली गेली आहे. लिलीच्या किन्सेल कारखान्यात प्रेक्सासर्टिब या द्रव्याचे २४ किलो उत्पादन भल्यामोठ्या रिॲक्टरांऐवजी लहान नळ्या व भांड्यांतील अखंड प्रवाहात करण्यात आले. तो वृत्तांत २०१७ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला.

प्रवेशाची तीन दारे

पहिले दार गुणवत्ता-नियंत्रण प्रयोगशाळेचे. नवपदवीधरांची सर्वाधिक भरती येथे होते. एचपीएलसी आणि गॅस क्रोमॅटोग्राफवर नमुने तपासणे, निकालांची नोंद ठेवणे, मर्यादेबाहेरचा निकाल आला तर त्याची चौकशी करणे हे रोजचे काम. येथे उत्तम उत्पादन पद्धतीचे, म्हणजे जीएमपीचे, संस्कार होतात. धोका एवढाच की पाळ्या आणि नमुन्यांच्या रगाड्यात तीन-चार वर्षे निघून जातात आणि अभिक्रियेशी संबंध तुटतो. या दाराने आत जाणाऱ्याने पहिल्या वर्षीच अशुद्धींची ओळख पटवणे, नव्या प्रक्रियेसाठी चाचणीपद्धती बसवणे अशा कामांसाठी हात वर करावा. प्रक्रिया विभागाशी ओळख होते ती या कामांतून.

दुसरे दार प्रक्रिया-साहाय्य विभागाचे. जाहिरातीत त्याची नावे ‘टेक्निकल सर्व्हिसेस’, ‘प्रोसेस सपोर्ट’, ‘टेक ट्रान्सफर’ किंवा ‘एमएसॲट’ अशी असतात. बॅच सुरू असताना आलेली अडचण सोडवणे, डेव्हिएशनचे कारण शोधणे, उत्पन्न का घटले याचा आकडेवारीतून माग काढणे, नव्या उत्पादनाच्या पहिल्या बॅचवर लक्ष ठेवणे हे यातील काम. प्रयोगशाळेचा काचपात्र आणि कारखान्याचा रिॲक्टर या दोहोंची भाषा येणाऱ्याला येथे मान असतो. ‘प्रोसेस केमिस्ट’ हे नाव शोधणाऱ्याने खरे तर या जागा शोधायला हव्यात.

तिसरे दार प्रक्रिया-विकासाचे. मार्ग सुधारणे, अभिक्रियेचे मापदंड प्रयोग-आराखड्याने ठरवणे, स्फटिकीकरण रचणे ही कामे येथे होतात. या गटांत सेंद्रिय संश्लेषण किंवा स्फटिकशास्त्रातील पीएचडीधारकांना प्राधान्य मिळते. पदव्युत्तर पदवीवर थेट प्रवेश अशक्य नाही, पण विरळ आहे.

पहिल्या दोन दारांनी आत गेलेल्यांची पुढील वाट केवळ रसायनाचीच असते असे नाही. युरोपीय कायद्यानुसार प्रत्येक बॅच बाजारात जाण्यापूर्वी ती प्रमाणित करणारी ‘क्वालिफाइड पर्सन’ ही व्यक्ती कारखान्यात असावी लागते. ठरावीक शिक्षण व अनुभवानंतर मिळणारे हे पद जबाबदारीचे आणि कायमच्या मागणीचे आहे.

एमएस्सी की पीएचडी?

शिकवणीवर आधारलेला एमएस्सी अभ्यासक्रम साधारण एका वर्षात संपतो. युनिव्हर्सिटी कॉलेज कॉर्कमध्ये औषधी संयुगांच्या विश्लेषणाचा असा अभ्यासक्रम आहे आणि तो पहिल्या दारासाठी सरळ उपयोगी पडतो. रासायनिक वा जैवप्रक्रिया अभियांत्रिकीचे अभ्यासक्रम दुसऱ्या दाराकडे नेतात. लिमरिक विद्यापीठ उद्योगांतील प्रत्यक्ष कामाला अभ्यासक्रमात स्थान देण्यासाठी ओळखले जाते आणि औषधनिर्मितीवरील राष्ट्रीय संशोधन केंद्र एसएसपीसी याचे मुख्यालयही तेथेच आहे. या केंद्रात विद्यापीठे आणि कंपन्या मिळून संश्लेषण, स्फटिकीकरण आणि उत्पादन यांवर काम करतात.

पीएचडीला साधारण चार वर्षे लागतात, पण तिथे शुल्क भरण्याऐवजी विद्यावेतन मिळते. सरकारी पाठ्यवृत्तीत ते २०२५ पासून वर्षाला २५,००० युरो आहे. घरावर कर्ज काढून एमएस्सी करण्याचा विचार करणाऱ्या, पण मन संश्लेषणात रमणाऱ्या विद्यार्थ्याने हा पर्याय अवश्य तपासावा. एमएस्सीसाठी ‘गव्हर्नमेंट ऑफ आयर्लंड’ आंतरराष्ट्रीय शिष्यवृत्ती आहे. तीत पूर्ण शुल्कमाफी आणि १०,००० युरो मिळतात, मात्र जागा फक्त ६० असतात.

परवान्याचे गणित

विद्यार्थी ‘स्टँप २’ वर येतो. सत्र चालू असताना आठवड्याला २० तास आणि ठरलेल्या सुट्यांत ४० तास काम करता येते. पदव्युत्तर पदवीनंतर ‘स्टँप १जी’ मिळतो. आधी १२ महिने आणि नोकरीसाठी खरोखर प्रयत्न केल्याचे दाखवल्यास आणखी १२ महिने, असे मिळून दोन वर्षे. अंतिम निकाल कळल्यापासून सहा महिन्यांच्या आत त्यासाठी अर्ज करावा लागतो. या काळात पूर्णवेळ नोकरीसाठी वेगळा परवाना लागत नाही.

खरा प्रश्न त्यानंतरचा. ‘क्रिटिकल स्किल्स’ परवान्याच्या व्यवसाय-यादीत उत्पादन क्षेत्रातील रसायनशास्त्रज्ञ आणि प्रक्रिया अभियंते या दोहोंचा समावेश आहे. त्यासाठी संबंधित पदवी, किमान दोन वर्षांच्या नोकरीचा प्रस्ताव आणि ठरलेले किमान वेतन लागते. २०२४ च्या जानेवारीत ही वेतनमर्यादा वार्षिक ३८,००० युरो करण्यात आली. ती टप्प्याटप्प्याने वाढवण्याचे सरकारचे धोरण आहे, म्हणून अर्जाच्या वेळी रोजगार खात्याच्या संकेतस्थळावरील चालू आकडाच प्रमाण मानावा.

येथेच अनेकांची गाडी अडते. प्रयोगशाळेतील आरंभीची वेतने बऱ्याचदा या मर्यादेखाली असतात. त्याहून मोठी अडचण म्हणजे कारखान्यांतील पुष्कळ आरंभीच्या जागा मनुष्यबळ-पुरवठा एजन्सीमार्फत, सहा वा अकरा महिन्यांच्या कंत्राटावर भरल्या जातात. स्टँप १जी असताना त्या स्वीकारता येतात आणि अनुभवासाठी त्या चांगल्याही असतात, पण एजन्सीच्या नावे परवान्याचा अर्ज मान्य होत नाही. परवान्यासाठी प्रत्यक्ष मालक कंपनीचीच नोकरी हवी. म्हणून एजन्सीची जागा घेतानाच ‘कायम होण्याची शक्यता किती, आणि कंपनी परवान्याला पाठिंबा देते का?’ हे विचारून घ्यावे. पहिले कंत्राट संपेपर्यंत वाट पाहिली, तर दोन वर्षांतील निम्मा काळ हातचा गेलेला असतो.

परवाना मिळाल्यावर स्थिती बरीच सुखावह होते. पती वा पत्नीला वेगळ्या परवान्याविना काम करता येते. २०२४ च्या कायद्यानुसार नऊ महिन्यांनंतर त्याच व्यवसायात मालक बदलता येतो आणि सुमारे दोन वर्षांनंतर ‘स्टँप ४’ मिळवून परवान्याच्या बंधनातूनच बाहेर पडता येते.

महाराष्ट्रातील अनुभवाची किंमत

प्रक्रिया-रसायनशास्त्र हा महाराष्ट्राला परका विषय नाही. १९७० च्या भारतीय पेटंट कायद्याने औषधाच्या रेणूला नव्हे, तर ते बनवण्याच्या रीतीला तेवढे संरक्षण दिले. ही स्थिती २००५ पर्यंत टिकली. त्या साडेतीन दशकांत ज्ञात रेणू नव्या मार्गाने, स्वस्तात बनवणे हीच भारतीय औषध उद्योगाची ओळख झाली. माटुंग्याची १९३३ सालची युडीसीटी, म्हणजे आजची आयसीटी, आणि पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा यांनी त्यासाठी माणसे घडवली. तारापूर, पाताळगंगा, कुरकुंभ, लोटे-परशुराम येथील एमआयडीसींतून ती कामाला लागली.

अशा ठिकाणी दोन-तीन वर्षे काम केलेला उमेदवार आयर्लंडमध्ये आपला अनुभव बहुधा दोन ओळींत उरकतो. तो नेमक्या शब्दांत मांडायला हवा. रिॲक्टर किती लिटरांचा, काचेच्या अस्तराचा की पोलादी, बॅच किती किलोंची, किती बॅचेस स्वतःच्या देखरेखीखाली झाल्या, कोणती अडचण आली, कारण कसे सापडले आणि त्यानंतर काय बदलले, हे लिहावे. जुन्या कंपनीची गोपनीय माहिती, रेणूचे नाव वा नेमके मापदंड मात्र देऊ नयेत. मुलाखत घेणारा रसायनज्ञ हा संयमही पारखत असतो.

मुलाखतीत वर्तनाधारित प्रश्नांवर भर असतो. ‘एखादी चूक तुमच्याकडून झाली तेव्हा तुम्ही काय केले?’ हा नेहमीचा प्रश्न. आपल्याकडील संस्कारांमुळे चूक सांगण्यास उमेदवार कचरतो. येथे चूक तत्काळ नोंदवणारा माणूस विश्वासार्ह मानला जातो, कारण न नोंदवलेली चूक रुग्णापर्यंत पोहोचते. मूळ औषधद्रव्यांच्या उत्पादनाची आयसीएच क्यू-७, विकासाची क्यू-११ आणि जनुकांना अपायकारक अशुद्धींची एम-७ ही मार्गदर्शक तत्त्वे वाचून जावे. आयर्लंडचे औषध-नियामक एचपीआरए आणि पर्यावरण संरक्षण संस्था ईपीए यांची भूमिकाही माहीत असावी. टिपेररीतील एका शेतकरी कुटुंबाने औषध कारखान्याच्या उत्सर्जनाविरुद्ध लढलेला दावा १९८८ साली सर्वोच्च न्यायालयात जिंकला. १९९३ साली ईपीए अस्तित्वात आली. तेव्हापासून द्रावकाचा आणि धुराचा हिशेब देणे हा प्रक्रियेचाच भाग मानला जातो.

वेळापत्रक आणि पुढचा काळ

मोठ्या कंपन्यांच्या पदवीधर-भरतीच्या जाहिराती सप्टेंबर ते नोव्हेंबरमध्ये येतात आणि नोकरी पुढच्या शरद ऋतूत सुरू होते. एमएस्सीचे वर्गही सप्टेंबरातच भरतात. म्हणजे विद्यापीठात पाऊल ठेवल्यानंतर चार-सहा आठवड्यांतच पहिले अर्ज जायला हवेत. प्रबंध संपल्यावर नोकरी शोधू, असे म्हणणाऱ्याची ती फेरी हुकलेली असते.

क्षेत्राचे भवितव्य सरळ रेषेतले नाही. क्लेअरकॅसल येथील रोशचा रासायनिक कारखाना बंद होणार असल्याची घोषणा २०१५ साली झाली. बरीच नवी गुंतवणूक जैविक औषधांकडे वळली आहे. २०२५ च्या ऑगस्टमधील संयुक्त निवेदनात युरोपीय औषधांवरील अमेरिकी आयातशुल्काची कमाल मर्यादा १५ टक्के ठरली असली, तरी अमेरिकी बाजारावरील अवलंबित्व कायम आहे. दुसरीकडे मधुमेह व स्थूलतेवरील टिर्झेपटाइडच्या मागणीसाठी लिलीने किन्सेलच्या विस्तारावर ८० कोटी डॉलर खर्च केले आहेत. अशी लांब साखळीची पेप्टाइडे बनवण्यात घनपृष्ठावरील संश्लेषण, द्रावणातील जोडणी आणि अखंड प्रवाह यांचा मेळ घालावा लागतो, आणि तो प्रक्रिया-रसायनज्ञच घालू शकतो.

आयर्लंडला येऊ पाहणाऱ्या पदवीधराने म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वीच तीन प्रश्नांची उत्तरे लिहून काढावीत. आपल्याला रिॲक्टरजवळ काम करायचे आहे, विश्लेषणात की संश्लेषणात? त्यासाठी एक वर्षाची पदवी पुरेशी आहे की चार वर्षांची? आणि स्टँप १जीच्या चोवीस महिन्यांतील कोणत्या महिन्यापर्यंत मालक कंपनीची थेट नोकरी हाती असायला हवी? शेवटच्या प्रश्नाचे उत्तर ‘बाराव्या’ असे धरून चालल्यास परवान्याच्या अर्जाला, एखाद्या नकाराला आणि दुसऱ्या प्रयत्नालाही वेळ उरतो.